सड्यावरची पन्नास पावलं

मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या कचऱ्याच्या टोपलीत हात घालून उभे होते.

डिचोलीजवळच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये मी स्टोअरचा क्लार्क म्हणून नुकताच लागलो होतो. घर पेडणे तालुक्यात, पार्से गावात. रोज जाणं-येणं जमत नव्हतं म्हणून डिचोलीच्या बाजारात खोली घेतली होती. नोकरी कायम व्हायला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे जो मोठ्या आवाजात बोलेल तो आपला साहेब, अशी मी समजूत करून घेतली होती. हा माणूस तर बोलतही नव्हता. त्याने टोपलीतून ड्रॉइंगच्या कागदाची पुठ्ठ्याची नळी काढली, एक डोळा मिटून तिच्यातून माझ्याकडे पाहिलं आणि मग तोंड उघडलं.

"अशा म्हैन्याला किती निघत्यात?"

"कसल्या?"

"नळ्या रे, नळ्या. ह्या तू टाकून देतोस? मर्दा, सोनं टाकालाईस!"

आणि उत्तर ऐकायच्या आत नळी काखेत मारून ते गेलेसुद्धा. प्रश्न विचारायचा आणि उत्तराआधी निघून जायचं, ही त्यांची जुनी खोड आहे हे मला पुढे कळलं. उत्तर हवं असेल तर ते तुम्हाला बरोबर चालवत नेत. वर्कशॉपभर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ते टर्नर होते, गडहिंग्लजकडचे. लेथवर त्यांच्यासारखा हात त्या वेळी आमच्या सगळ्या खाणपट्ट्यात नसेल. केसाएवढा फरक ते बोटाच्या पेराने ओळखत आणि मग मायक्रोमीटर लावून स्वतःलाच खरं ठरवत. मला ते कधी नावाने हाक मारत नसत. मी स्टोअरमध्ये बसायचो म्हणून माझं नावच 'स्टोअर'. "ए स्टोअर, चल!" कुठे, का, किती वेळ, हे विचारायचं नाही. विचारलंत तर "चल म्हणतोय न्हवं" एवढंच.

हा माणूस एका जागी ठरायचाच नाही. सकाळी पोदेर सायकलवरून पाव घेऊन आला की त्याच्याकडून एक उंडो, म्हणजे गोल कडक पाव, घ्यायचा आणि लेथभोवती फेऱ्या मारत कोरडाच खायचा. जेवायला बसला तर भात संपायच्या आत तीनदा उठणार. एकदा मुंज होती कुणाकडे, तिथे पंगतीतून हे मधेच उठून मांडवाच्या दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजायला लागले. यजमानांना वाटलं, पाहुणे रागावले. मी त्यांची समजूत घालत बसलो आणि माझी खीर राहिली. ती खीर मी मिस्त्रींना कधी माफ केली नाही.

"मोजलंस काय?" हा त्यांचा मंत्र. फार उकडतंय म्हटलं, मोजलंस काय? बसला उशीर झाला म्हटलं, मोजलास काय? आई तापाने आजारी आहे, मी घरी जातोय, असं एका शनिवारी सांगितलं तेव्हाही तेच. मला इतका राग आला की मी तडक स्टँडवर आलो. बस सुटता सुटता हे धावत आले आणि खिडकीतून एक थर्मामीटर माझ्या हातात कोंबला. नवाकोरा. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. कागदावर लिहून आण," म्हणाले. आई बरी झाल्यावर मी तो कागद त्यांना दाखवला. एखादी गोष्ट वाचावी तसा त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला आणि खिशात ठेवला.

तर त्या नळ्या. पुढच्या रविवारी सकाळी मिस्त्री खोलीवर आले आणि मला चालवत सर्वण गावाच्या वरच्या अंगाला सड्यावर घेऊन गेले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, मैलभर काही नाही, गुरं आणि वारा. ही जागा कंपनीच्याच ताब्यात होती, पण तिथलं खणणं अजून सुरू झालेलं नव्हतं. तिथे त्यांनी माझ्या टोपलीतली नळी एका उभ्या सळईला अडकवली. तिला आता लाकडी नाक होतं, प्लायवूडचे तीन पंख होते आणि खाली लेथवर घडवलेलं चकचकीत नोझल होतं. मला पन्नास पावलं मागे उभं केलं. मग ट्रकच्या जुन्या बॅटरीला वायर लावून त्यांनी एक चावी फिरवली. सुर्रर्र झालं, धूर झाला आणि ती नळी वर गेली. फार नाही, चार माडांएवढी. मग आडवी झाली आणि निवडुंगात पडली. मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री तोवर निवडुंगात पोचले होते.

"रॉकेट कशाला हो, मिस्त्री?" परतताना मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला आणि दर वेळी त्यांनी निराळं उत्तर दिलं. मला दिलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे. चालता चालता ते म्हणाले, "हितं समदी खालीच बगत्यात रे. खणायचं, काढायचं, भरायचं. माझी मान दुखाय लागली."

असं आमचं रॉकेट मंडळ सुरू झालं. बाकीची माणसं मीच जमवली. माझ्या गावचा बाबल जत्रांत शोभेच्या दारूचं काम करायचा. नळे, बाण, चक्रं हा त्याच्या घरचा धंदा, आणि त्याच्या भुवया कायमच्या गेलेल्या, हे त्याच्या अनुभवाचं प्रमाणपत्र. रॉकेटात जे भरायचं ते त्याच्याकडे. दुसऱ्या, हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या बाई. त्या शाळेचा मोठा लाकडी कोनमापक, दोरा आणि ओळंबा घेऊन लांब उभ्या राहायच्या आणि रॉकेट किती वर गेलं ते काढायच्या. मिस्त्री फक्त बाईंना वचकून असत, कारण बाई मोजायच्या. बाबलशी मात्र रोजची कटकट.

"किती घातलंस?"

"हाताच्या अंदाजान."

"अंदाज म्हंजे किती?"

"अंदाज म्हणजे अंदाज, मिस्त्री. माझ्या बापाशीन कधी तागडी धरूक नाय."

"म्हणून तुझ्या बाला बी भुवया न्हवत्या!"

ते दिवस भाषेच्या वादाचे होते. राज्याची भाषा मराठी की कोकणी, यावरून घराघरात भांडणं. बंद, मोर्चे, रस्त्यात आडवी घातलेली झाडं. भावाभावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. आमच्या मंडळातही वाटणी झाली. बाई कोकणीच्या, बाबल मराठीचा. गंमत अशी की दोघंही घरात जवळजवळ तेच बोलायची, पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. रॉकेटची नळी आता आम्ही वर्तमानपत्रं खळीने चिकटवून स्वतः गुंडाळायचो, तर बाई त्यांच्या बाजूचं वर्तमानपत्र आणायच्या, बाबल त्याच्या बाजूचं. मिस्त्री दोन्ही एकावर एक गुंडाळत. "वल्लं झालं की दोन्ही सारखंच फाटतंय," म्हणत.

खरा पेच आला तो उलट्या मोजणीचा. चावी फिरवण्याआधी दहापासून एकपर्यंत मोजायचं, ते कुठल्या भाषेत? बाई म्हणाल्या, "आमच्या गांवात उडयतात, आमच्या भाशेंत मेजूंक जाय." बाबल म्हणाला, तसं असेल तर त्याची दारू त्याच्या घरी बरी. रॉकेट सळईवर तयार, वारा पडलेला, आणि ही दोघं हमरीतुमरीवर. मिस्त्री दोन मिनिटं येरझाऱ्या घालत राहिले. मग एकदम थांबून त्यांनी खच्चून ओरडायला सुरुवात केली, "हत्तु! ओंबत्तु! एंटु! एळु!" ते सीमेवरचे, त्यांना कानडी येत होतं. 'ओंदु', म्हणजे एक, म्हटलं आणि रॉकेट गेलं. बाई आणि बाबल तोंडं उघडी टाकून वर बघत राहिले. तेव्हापासून सगळ्या गोव्यात मराठी-कोकणी पेटलेलं असताना आमची रॉकेटं मात्र कानडीत उडत होती. पुढे तर गुरं राखणारेसुद्धा लांबून 'ओंदु' म्हणायला लागले.

बाबलचा आणखी एक हट्ट होता. सड्याच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो वायरला हात लावू देत नसे. "बा सड्याच्या राखणदारा म्हाराजा, आज ही लेकरां जा काय उडवतत, ता सरळ वर जाव दे, आनी खाली येताना कोणाच्या टकलेर पडाक देव नको!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणायचो. बाईसुद्धा म्हणायच्या. मिस्त्री तेवढा वेळ वाऱ्याची दिशा बघायला बांधलेल्या रुमालाकडे डोळे लावून असत, पण ओठ हलत.

त्यांचा स्वतःचा देव वेगळा होता, तो म्हणजे चावी. कुठल्याशा भंगारात काढलेल्या जीपची चावी. ती बॅटरीजवळच्या स्विचच्या पेटीत घातल्याशिवाय बॅटरीची वीज रॉकेटपर्यंत पोचत नसे. त्यांनी एकच नियम केला होता आणि तो आमच्याकडून पाठ करून घेतला होता: जो कोणी रॉकेटजवळ जाईल, चावी त्याच्या खिशात. चावी ज्याच्या खिशात तो जिवंत, असं ते म्हणत. आम्हाला हसू यायचं. एका रविवारी सगळी तयारी झाल्यावर रुमालाची गाठ सुटली म्हणून मी ती बांधायला दहा पावलं पुढे गेलो. चावी पेटीत होती. परत आलो तर मिस्त्री वायर गुंडाळत होते.

"काय झालं?"

"आज न्हाई उडणार. चला घरी."

"अहो, मी फक्त रुमाल..."

"चला म्हटलं न्हवं!"

बाबल दोन तास उन्हात खपला होता. त्याने मिस्त्रींना जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. तरी मिस्त्रींनी रॉकेट उडवलं नाही. डिचोलीपर्यंत ते माझ्यापुढे वीस पावलं चालत होते. मला तेव्हा ते निव्वळ विक्षिप्त वाटले. थोडं खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांनी केलेला अपमान मला लागला होता आणि तो मनात राहिला.

मग ती गवताची भानगड झाली. एक रॉकेट वाऱ्याने भरकटून सर्वणमधल्या एका घरामागच्या गवताच्या गंजीवर पडलं. आग मोठी नव्हती, दोन कळश्यांत विझली. पण त्या घरची मालकीण ते काळं झालेलं रॉकेट शेपटीला धरून थेट सड्यावर चढून आली. आम्ही तिघं माफी मागत होतो. मिस्त्रींनी तिच्या हातातलं रॉकेट घेतलं, उलटसुलट केलं आणि अगदी कळकळीने विचारलं, "मावशी, ह्ये पडलं तवा तोंड कुठं हुतं? खाली का वर?"

"आमचें तण लासलें आनी हो विचारता तोंड खंय आसलें!" ती कडाडली. "तुजें तोंड खंय आसा तें पळय पयलीं!"

दुसऱ्या दिवशी तक्रार कंपनीत गेली. वर्कशॉपच्या मॅनेजरने मिस्त्रींना बोलावून सांगितलं, लेथ कंपनीचा, सडा कंपनीचा, रॉकेट बंद. त्या आठवड्यात मिस्त्रींकडे बघवत नव्हतं. लेथवर काम चाले, पण कान लेथच्या आवाजाकडे नसत. स्टोअरमध्ये येऊन काही न मागता परत जात. मग त्यांना कुठून तरी कळलं की कंपनीचे मोठे साहेब सकाळी फिरायला जातात. चार सकाळी हे त्यांच्याबरोबर चालले. चालणं हाच मिस्त्रींचा प्रांत, तिथे त्यांना हरवणं कठीण. पाचव्या दिवशी साहेब म्हणाले, "एकदा मला दाखवा. पटलं तर सडा तुमचा आणि रविवारी लेथही तुमचा. नाही पटलं तर त्याच दिवशी सगळं बंद, आणि पुन्हा माझ्यामागे चालायचं नाही."

एवढंच पणाला लागलं होतं, पण मिस्त्रींच्या जगात त्याहून मोठं काही नव्हतं. महिनाभर ते एका रॉकेटवर लागले होते. जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट बाईंनी शिवलं. ते बरोबर वेळेला उघडलं तर रॉकेट कुणाच्या गंजीवर नव्हे, हळूच सड्यावर उतरणार होतं.

गोवा नुकताच घटक राज्य झाला होता आणि जो तो कशाचं ना कशाचं उद्घाटन करत होता. मलाही ती हवा लागली. मोठे साहेब येणार म्हणजे कार्यक्रम रीतसर व्हायला हवा. मी देवळातून खुर्च्या आणल्या, मांडव घातला, फोटोग्राफर सांगितला, दोन हार आणले. एक साहेबांना, एक मिस्त्रींना. मिस्त्री बनियनवर घाम पुसत वायर जोडत होते. दुसरा हार बघून म्हणाले, "ह्यो कुणाला?"

"तुम्हाला."

"मला कशाला? मी काय नवरदेव हाय?" असं म्हणाले खरे, पण थोड्या वेळाने कळशीतलं पाणी घेऊन त्यांनी केस बसवलेले मी पाहिले.

आता माझी करणी. उद्घाटन म्हणजे साहेबांच्या हातून काहीतरी व्हायला हवं. फीत कापायची तर फीत नव्हती. चावी होती. मिस्त्रींचा शर्ट झुडपावर टाकलेला होता, चावी त्याच्या खिशात. विचारलं तर ते नाहीच म्हणणार हे मला माहीत होतं, आणि त्या रविवारचा अपमानही मला माहीत होता. मी चावी काढली, धुतली, तबकात ठेवली, हळदकुंकू वाहिलं, वर अबोलीचा गजरा ठेवला. तबक साहेबांपुढे धरून म्हणालो, "आपल्या शुभहस्ते." साहेब प्रसन्न झाले. मी सांगितलं, मिस्त्री मोजतील आणि मग चावी फिरवायची. मोजतील कानडीत, हे सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही.

पाठीमागे वारा उठला होता. वायरचं टोक नोझलमधून निसटलं की काय, अशी शंका येऊन मिस्त्रींनी शर्ट अंगात चढवला आणि ते सळईकडे निघाले. निम्म्या वाटेवर क्षणभर थांबले, मागे पाहिलं, मग पुढे गेले. मला वाटलं, आमचं सगळं नीट चाललंय ना ते बघतायत. मी त्यांना हात केला.

इकडे बाबलने गाऱ्हाणं घातलं. आज शे-दोनशे माणसं होती, त्यामुळे "व्हय म्हाराजा" असं घुमलं की बाबलला चेव आला आणि त्याने नारळ दाणकन दगडावर आपटला. नारळ फुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोग्राफर "साहेब, इकडे" म्हणाला. आमच्याकडे नारळ फुटला आणि टाळ्या पडल्या की कार्य सुरू झालं. पाटी असेल तर पडदा ओढतात, फीत असेल तर कापतात. साहेबांनी तेच केलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे हसून बघत चावी फिरवली.

ते रॉकेट आमच्या सगळ्या रॉकेटांपेक्षा सरळ गेलं. इतकं वर की डोळ्यांपुढे हात धरून शोधावं लागलं. मग एक काळा ठिपका फुटला, छत्रीचं कापड उघडलं, आणि माणसं वेड्यासारखी टाळ्या पिटायला लागली. मीही पिटत होतो. फक्त बाई ओरडत होत्या. त्यांचं लक्ष वर नव्हतं. मी सळईकडे पाहिलं. धूर विरत होता आणि त्यात मिस्त्री उभे होते, उजवा हात अंगापासून लांब धरून. तेही वरच बघत होते. पॅराशूट सड्यावर टेकेपर्यंत त्यांनी मान खाली केली नाही. मग खाली बसले.

साहेबांनी स्वतःच्या गाडीत घालून त्यांना इस्पितळात नेलं. त्या माणसाला मी कधीच दोष दिलेला नाही. वाटेत ते रडत होते असं ड्रायव्हरने मला सांगितलं. भाजलेला हात वाचला, पण बोटं आखडली. अंगठा आणि पहिलं बोट जुळेना. टर्नरचं सगळं काम त्या दोन बोटांत असतं.

चौकशी झाली. मॅनेजरच्या केबिनमध्ये टेबलाच्या एका बाजूला मिस्त्री, पट्टीतला हात मांडीवर. दुसऱ्या बाजूला आम्ही. मॅनेजरने विचारलं, "तबक याने धरलं, ते सगळ्यांनी पाहिलं. पण चावी याला कुणी दिली?" मी तोंड उघडणार होतो. अजूनही मला शपथेवर वाटतं की मी उघडणार होतो. पण आईला मी कायम होणार म्हणून कळवलं होतं, आणि ते पत्र तिने शेजारच्या चार घरांत वाचून दाखवलं होतं. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "म्या दिली." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तबक त्यांच्याच घरून आणलं होतं. मी टेबलाकडे बघत राहिलो.

मिस्त्रींना कामावरून कमी केलं, मंडळ बंद झालं, मी कायम झालो. ज्या दिवशी ते कोल्हापूरच्या एसटीत बसले त्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही. स्टोअरमध्ये काम आहे असं स्वतःला सांगितलं. काम नव्हतं.

त्यानंतर त्यांचं ते अस्वस्थपण जणू मला लागलं. लग्न झालं, मुलं झाली, बढती झाली, पण एका जागी मन लागेना. कुणी माझं कौतुक केलं की मला उठून जावंसं वाटे. बायको म्हणायची, तुमच्या पायाला भिंगरी आहे. मी तिलाही काही सांगितलं नव्हतं. कधी कधी मला मिस्त्रींचाच राग यायचा. कुणी सांगितलं होतं माझी चूक अंगावर घ्यायला? उपकार करून निघून जाणाऱ्या माणसाशी भांडतासुद्धा येत नाही. चौदा वर्षं अशी गेली. मग एका लग्नासाठी कोल्हापूरला जाताना मी बायकोला पुढे पाठवलं आणि गडहिंग्लजला उतरलो.

शोधायला वेळ लागला नाही. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, आत लेथ. लेथवर नऊवारीचा पदर खोचलेली त्यांची सून काम करत होती आणि मिस्त्री तिच्यामागे येरझाऱ्या घालत होते. "आवाज ऐक, आवाज! लई खातंय." मला बघून ते थांबले. "स्टोअर?" म्हणाले, आणि लगेच, "चल."

आम्ही शेडमागच्या विहिरीपर्यंत गेलो. वाटेत त्यांनी बाबल कसा आहे, बाई कुठे असतात, ते विचारलं आणि सवयीप्रमाणे उत्तर ऐकलं नाही. मीही सांगायच्या मनःस्थितीत नव्हतो. बसभर पाठ केलेलं भाषण विसरलो आणि नुसतं म्हणालो,

"मिस्त्री, चावी मी घेतली होती. तुमच्या शर्टातून. तुम्हाला न विचारता."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. निम्म्या वाटंवर. खिसा चाचपला, मोकळा."

"मग परत का नाही फिरलात?"

ते विहिरीच्या कठड्याला धरून उभे राहिले. "मागं बगितलं की. चावी साहेबाच्या हातात. फोटोवाला हाय, येवढं माणूस बसलंय. आन् तिथं माझ्यासाठी आणलेला त्यो हार. जल्मात लग्नातला सोडला तर मला कुणी हार घातला न्हवता. म्हटलं, आता परत जाऊन साहेबाच्या हातातनं चावी काढून घ्यायची? समदी हसतील. मिस्त्री भ्याला म्हणतील. येवढ्या एका येळंला काय हुतंय, म्हटलं. आन् गेलो."

"पण चौकशीत तुम्ही..."

"त्ये खोटं न्हवतं. खिसा मोकळा हाय ह्ये ठाव असून गेलो. मंग चावी म्याच दिली की."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी डाव्या हाताने मला थांबवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे सरळ बघत बोलत होते.

"माझं ऐक आदी. तू तिकडं जीव खात असणार, ह्ये मला ठाव हुतं. एक कार्ड टाकलं असतं तर सुटला असतास. न्हाई टाकलं. पयली तीन-चार वर्सं तर मुद्दाम न्हाई टाकलं. म्हटलं, हात माझा गेलाय, थोडं त्येचं बी जाऊ दे. मंग राग गेला, पर कार्ड ऱ्हायलं त्ये ऱ्हायलंच. लई वंगाळ केलं मी, स्टोअर. हाताचं काय न्हाई. ह्ये वंगाळ केलं."

आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. उजव्या हाताची बोटं सरळ होत नव्हती, त्यामुळे तळवे जुळत नव्हते, मध्ये फट राहत होती. माफी मागायला तर मी इतक्या लांब आलो होतो. मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले आणि खाली घेतले, आणि सून चहासाठी हाका मारत होती तरी बराच वेळ सोडले नाहीत.